कॅमेऱ्याला हात न लावता फोटो: रिमोट शटर रिलीज कसा निवडावा

कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा. लेन्स २०० मिमीची किंवा त्याहून मोठी असू द्या. समोर चंद्र किंवा लांबचा एखादा दिवा धरा, लाइव्ह व्ह्यू सुरू करा आणि स्क्रीनवरचं दृश्य दहापट मोठं करा. आता शटर बटणावर बोट नुसतं टेकवा, दाबू नका. चंद्र स्क्रीनवर हेलकावे खायला लागतो. बोट काढून घेतलं तरी तो लगेच स्थिर होत नाही. ट्रायपॉड हलका असेल, मधला दांडा वर काढलेला असेल, तर थरथर दोन-तीन सेकंद चालूच राहते.

हा प्रयोग आधी करून बघा, असं मी प्रत्येकाला सांगतो. महागडा ट्रायपॉड, चांगली लेन्स, सगळं असूनही फोटो किंचित मऊ, म्हणजे अस्पष्ट, का येतात, याचं उत्तर पुष्कळदा त्या एका बोटात असतं. शिवाय तुमचा ट्रायपॉड शांत व्हायला किती वेळ घेतो, तेही या प्रयोगात कळतं. तो आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रिमोट घेताना माणसं सुरुवात करतात ती ‘कोणता चांगला?’ या प्रश्नापासून. त्यापेक्षा ‘मला तो कशासाठी हवाय?’ हे आधी विचारा. रिमोट या एकाच नावाखाली तीन वेगळी कामं येतात. पहिलं, कॅमेऱ्यावरून हात काढून घेणं, म्हणजे कंप टाळणं. दुसरं, कॅमेऱ्यापासून दूर जाणं: स्वतः फोटोत असणं, किंवा पक्षी बिचकू नये म्हणून आडोशाला बसणं. तिसरं, वेळ सांभाळणं: चार मिनिटांचं एक्स्पोजर (शटर उघडं ठेवण्याचा वेळ) मोजणं, किंवा दर पाच सेकंदांनी एक याप्रमाणे तीनशे फोटो काढणं. पहिल्या कामासाठी दूरवर चालणारा वायरलेस संच घेतला तर पैसे आणि बॅटऱ्या फुकट जातात. दुसऱ्यासाठी साधी केबल घेतली तर ती पुरत नाही. तुमचं काम यातलं कोणतं, हे ठरलं की निम्मी निवड झालीच.

आहे त्यात भागतं का?

कॅमेऱ्यात दोन सेकंदांचा सेल्फ टायमर असतोच. इमारती, निसर्गदृश्य, टेबलावरच्या वस्तू, असं जे पळून जात नाही त्यासाठी तो पुरेसा आहे. मघाचा आकडा आठवा: तुमचा ट्रायपॉड तीन सेकंद थरथरत असेल, तर दोन सेकंदांचा टायमर कमी पडेल आणि दहा सेकंदांचा वापरावा लागेल. निकॉनच्या बऱ्याच बॉडींमध्ये (बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा) एक्स्पोजर डिले मोड असतो. त्यात बटण दाबल्यावर किंचित थांबून शटर उघडतं. आरसा असलेल्या डीएसएलआरवर हा फार कामाचा आहे, कारण आरसा वर आपटल्याचा धक्का त्या वेळात विरून जातो. साधारण १/३० ते अर्ध्या सेकंदाच्या आसपासच्या शटर वेगांना हा धक्का जास्त जाणवतो. त्याहून वेगवान शटरमध्ये तो पकडला जात नाही आणि फार लांब एक्स्पोजरमध्ये त्याचा वाटा नगण्य होतो.

टायमर हरतो तो क्षण पकडायचा असतो तेव्हा. लाट खडकावर फुटते तो क्षण, आतषबाजीचा बाण वर निघाला तो क्षण, वाऱ्याने हलणारं फूल जरा थांबलं तो क्षण. दोन सेकंद आधी अंदाज बांधून हे जमत नाही. बल्ब मोडमध्येही टायमर पुरत नाही. बऱ्याच कॅमेऱ्यांचा नेहमीचा शटर वेग ३० सेकंदांवर थांबतो. त्यापुढे बल्ब, आणि बल्ब म्हणजे बटण दाबून धराल तोवर शटर उघडं. चार मिनिटं बोटाने बटण धरून ठेवणं म्हणजे चार मिनिटं कॅमेरा हलवत राहणं.

नव्या कॅमेऱ्यांत मात्र इथेही सोयी आल्या आहेत. कॅननच्या ५डी मार्क ४, ६डी मार्क २ आणि आरएफ माउंटच्या अनेक बॉडींत बल्ब टायमर आहे. फुजीच्या टी मोडमध्ये कित्येक मॉडेलांवर १५ मिनिटांपर्यंतची वेळ सरळ डायलवरून लावता येते. इंटरव्हल शूटिंग, म्हणजे ठराविक अंतराने आपोआप फोटो काढणं, तर आता पुष्कळ बॉडींत आतच असतं. सोनीच्या ए७ मार्क ३ ला ते २०१९ च्या फर्मवेअरमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीतून, मिळालं. म्हणून बाजारात जाण्याआधी मेनू एकदा सावकाश चाळा. टायमरवाला रिमोट घेऊन आल्यावर तेच काम कॅमेरा स्वतः करतो हे कळलं की वाईट वाटतं.

कॅमेऱ्याच्या कडेचं झाकण उघडा

तारेचा रिमोट घ्यायचा तर सगळं अडतं ते सॉकेटवर. कंपनी एक असली तरी सॉकेट एक नसतं. ‘कॅननसाठी’ किंवा ‘निकॉनसाठी’ एवढंच वेष्टनावर वाचून रिमोट घेणं, ही या खरेदीतली सर्वात जास्त होणारी चूक.

कॅननपासून सुरू करू, कारण तिथली नावं वाचायला शिकलात तर गोंधळच उरत नाही. आरएस-६०ई३ या नावातले ६० म्हणजे तारेची लांबी, ६० सेंटीमीटर. ई३ म्हणजे सॉकेटचा प्रकार: हेडफोनच्या पिनसारखीच, पण बारीक, २.५ मिमीची पिन. आरएस-८०एन३ म्हणजे ८० सेंटीमीटर तार आणि एन३ सॉकेट, म्हणजे तीन पिनांचं, खटकन बसून अडकणारं. ई३ येतं ते सुरुवातीच्या आणि मधल्या बॉडींवर: तीन-चार आकडी मॉडेलं, ६०डी ते ९०डी, मिररलेसमध्ये (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत) ईओएस आर, आरपी, आर६, आर७. एन३ येतं ते ५डी, ६डी, ७डी आणि १डी मालिकांवर आणि आर५ वर. आर५ आणि आर६ ही जवळची भावंडं, पण एकीचा रिमोट दुसरीला लागत नाही.

निकॉनमध्ये मोठ्या बॉडींवर, म्हणजे डी५००, डी८५०, झेड८, झेड९ यांवर, समोरच्या बाजूला गोल दहा पिनांचं सॉकेट असतं. त्याला एमसी-३०ए किंवा टायमर असलेला एमसी-३६ए लागतो. डी७५०, डी७०००ची मालिका, झेड५, झेड६, झेड७ यांच्या कडेला चपटं सॉकेट असतं, त्याला एमसी-डीसी२. डी३५०० ला मात्र तारेचं सॉकेटच नाही, तिथे इन्फ्रारेडचा एमएल-एल३ चालतो. झेड५० ला इन्फ्रारेडही नाही आणि सॉकेटही नाही, तिथे ब्लूटूथचा एमएल-एल७.

सोनीच्या बऱ्याच बॉडींवर मल्टी टर्मिनल असतं. ते मायक्रो यूएसबीसारखं दिसतं, पण त्यात जास्तीच्या पिना असतात आणि आरएम-व्हीपीआर१ त्याच्यासाठी आहे. सोनीच्या काही नव्या छोट्या बॉडींवर हे टर्मिनल नाहीच, फक्त टाइप-सी आहे. तिथे ब्लूटूथचा आरएमटी-पी१बीटी हा सरळ मार्ग.

फुजीच्या एक्स-टी३, एक्स-टी४, एक्स-टी५ वर २.५ मिमीचं सॉकेट आहे आणि कॅननची ई३ पिन तिथे चालते. पेंटॅक्सच्या २.५ मिमी सॉकेटच्या बॉडींवरही ती चालते. फुजीच्या काही छोट्या बॉडींवर माइक आणि रिमोट यांचं छिद्र एकच असतं आणि मेनूत कोणतं जोडलंय ते सांगावं लागतं. फुजीप्रेमींसाठी आणखी एक सुंदर सोय: एक्स-टी आणि एक्स१०० मालिकांतल्या कित्येक बॉडींच्या शटर बटणाच्या मधोमध बारीक आट्यांचं छिद्र असतं. फिल्मच्या जमान्यातला दट्ट्याचा केबल रिलीज तिथे सरळ फिरवून बसवता येतो. त्यात वीज नाही, मेनू नाही. दट्ट्या दाबला की तारेच्या आतली सळई बटण दाबते. मला ही वस्तू मनापासून आवडते. मात्र तार लांब आणि लवचीक असू द्या; आखूड आणि ताठ असेल तर हाताची थरथर तीच कॅमेऱ्यापर्यंत पोचवते.

आता पॅनासॉनिक, आणि इथे सावध राहा. तिथेही पुष्कळ बॉडींवर २.५ मिमीचं छिद्र आहे. कॅननची पिन त्यात अगदी व्यवस्थित बसते आणि काहीच होत नाही. मी एकदा अशी पिन घेऊन अर्धा तास कॅमेऱ्याचा मेनू उलटापालटा केला होता. दुकानदाराने ‘२.५ आहे ना, मग लागेलच’ असं सांगितलं होतं आणि मलाही ते पटलं होतं.

कारण समजून घेण्यासारखं आहे. कॅननच्या पिनेवर तीन भाग असतात. टोकाचा भाग शटरचा, मधला पट्टा फोकसचा आणि मागचा भाग दोघांसाठी सामाईक. बटण अर्धं दाबलं की फोकसचा पट्टा सामाईक भागाला जोडला जातो. पूर्ण दाबलं की शटरचाही. रिमोटच्या आत यापेक्षा जास्त काही नसतं, म्हणूनच त्याला बॅटरी लागत नाही. पॅनासॉनिकच्या पिनेवर चार भाग असतात आणि आत रेझिस्टर बसवलेले असतात. बटण किती दाबलं हे कॅमेरा रेझिस्टन्स किती बदलला त्यावरून ओळखतो. म्हणून तिथे डीएमडब्ल्यू-आरएसएल१ किंवा पॅनासॉनिकसाठीच बनवलेला दुसरा रिमोटच लागतो. पिन बसली म्हणजे रिमोट लागला असं नाही, हे सगळ्याच कंपन्यांना लागू आहे. खात्री करायची तर कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत शेवटी जोडसाहित्याचं पान असतं, तिथे रिमोटचा नेमका क्रमांक बघा. मग कंपनीचा घ्या किंवा दुसऱ्याचा, पण तो ‘त्या क्रमांकाच्या जागी चालणारा’ असला पाहिजे.

तार की बिनतारी?

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. कंप टाळणं हे तुमचं मुख्य काम असेल तर साधा तारेचा रिलीज घ्या. एक बटण, दोन टप्पे, पुढे सरकवून अडकवायची खिट्टी. बॅटरी नाही, जोडणी नाही, उन्हाने बंद पडणं नाही. दाबलं की त्याच क्षणी शटर. वर्षानुवर्षं बॅगेच्या कप्प्यात पडून राहिला तरी काढल्या काढल्या चालतो. पहिला रिमोट हाच असावा आणि पुष्कळांना दुसरा घ्यावाच लागत नाही.

त्याच्या उणिवाही आहेत. वाऱ्यात लोंबणारी तार कॅमेऱ्याला हलके झटके देत राहते. ती ट्रायपॉडच्या पायाला वेल्क्रोच्या पट्टीने बांधावी, सॉकेटपाशी थोडी सैल ठेवून. बाजूला उघडणारी स्क्रीन असेल तर पिन तिच्या आड येते का, ते पाहा. उभ्या फोटोंसाठी एल आकाराची पट्टी लावत असाल तर सॉकेट झाकलं जात नाही ना, तेही.

इन्फ्रारेड रिमोट चिमुकले आणि हलके, स्वतः फोटोत यायचं असेल तर सोयीचे. पण टीव्हीच्या रिमोटसारखा याचाही किरण सरळ जावा लागतो. बहुतेक कॅमेऱ्यांत त्याचा डोळा समोर, पकडीपाशी असतो. म्हणजे कॅमेऱ्याच्या मागे उभं राहून निसर्गदृश्य काढणाऱ्याला हात वळवून पुढे न्यावा लागतो. निकॉनच्या काही बॉडींना मागेही डोळा होता, ती खरी सोय होती. कॅननच्या आरसी-६ चा पल्ला साधारण ५ मीटर. भर उन्हात तो आणखी घटतो, कारण उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं आणि रिमोटचा क्षीण किरण त्यात हरवतो. अर्धं दाबून फोकस बघण्याचीही सोय यात सहसा नसते. शिवाय नव्या मिररलेस बॉडींतून इन्फ्रारेडचा डोळाच हळूहळू गायब झाला आहे. जुन्या डीएसएलआरसाठी स्वस्तात मिळाला तर घ्यावा, एवढंच.

अंतर हवं असेल तर रेडिओ. यात दोन तुकडे असतात: एक हातात, दुसरा रिसीव्हर हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या फ्लॅशच्या खाचेत) बसवायचा आणि त्यातून आखूड तार कॅमेऱ्याच्या सॉकेटला. म्हणजे बिनतारी घेतला तरी सॉकेटचा प्रश्न सुटत नाही. बरेच संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि वेष्टनावर १०० मीटरचा पल्ला लिहिलेला असतो. तो मोकळ्या मैदानातला समजा. झाडी, भिंती आणि मधे येणारी माणसं यांनी तो बराच कमी होतो. चॅनल बदलता येणारा संच घ्या, नाहीतर शेजारच्या फोटोग्राफरने बटण दाबलं की तुमचा कॅमेरा वाजेल. रेडिओची सर्वात मोठी मजा म्हणजे भिंतीआडून, झुडपाआडून, कॅमेऱ्याच्या मागून, कुठूनही तो चालतो. पाणवठ्यावर कॅमेरा लावून स्वतः दूर बसणाऱ्याला याला पर्याय नाही. एक विनंती मात्र आहे: रिमोट आहे म्हणून कॅमेरा घरट्याजवळ नेऊन ठेवू नका. पक्षी माणसाइतकाच काळ्या ठोकळ्यालाही बिचकतो आणि घरट्यावर परत येत नाही.

ब्लूटूथ रिमोटला सॉकेट लागत नाही, किरणाची दिशा लागत नाही, फक्त एकदा कॅमेऱ्याशी जोडणी करावी लागते. कॅननच्या बीआर-ई१ चा पल्लाही साधारण ५ मीटरच, पण मागून, बाजूने, कसाही चालतो. कुटुंबाच्या फोटोसाठी आणि व्हिडिओ सुरू-बंद करण्यासाठी छान. घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: माझ्या नेमक्या मॉडेलला चालतो का, आणि बल्बमध्ये शटर उघडं धरून ठेवतो का. आणि फोनसाठी मिळणारं स्वस्त सेल्फी बटण कॅमेऱ्याला चालत नाही. ते फोनला आवाज कमी-जास्त करण्याच्या कळीचा इशारा पाठवतं, कॅमेऱ्याला तो कळत नाही.

उरलं फोनवरचं ॲप. फुकट असतं आणि त्यात दृश्य दिसतं, फोकस हवा तिथे नेता येतो. जमिनीलगत किंवा डोक्याच्या वर लावलेल्या कॅमेऱ्यासाठी हे वरदान आहे. पण वायफाय दोन्हीकडची बॅटरी खातं, स्क्रीन झोपली की जोडणी तुटते आणि दाबणं व शटर पडणं यांत जाणवण्याइतका उशीर होतो. स्टुडिओत, घरात जरूर वापरा. रात्री दोन वाजता थंडीत मी त्याच्या भरवशावर राहणार नाही.

टायमरवाला रिमोट आणि मधल्या अंतराचं गणित

इंटरव्हलोमीटर म्हणजे तारेचा रिलीज आणि त्यात एक छोटं घड्याळ. चार गोष्टी लावाव्या लागतात: सुरू व्हायला किती वेळ थांबायचं, एक्स्पोजर किती लांब, दोन फोटोंमध्ये अंतर किती, आणि एकूण फोटो किती. एकूण फोटोंची मर्यादा बऱ्याच टायमरवर ३९९ असते आणि आडव्या रेघा आल्या की ‘थांबवेपर्यंत’.

टाइमलॅप्सचा, म्हणजे अंतराअंतराने काढलेले फोटो जोडून केलेल्या वेगवान व्हिडिओचा, हिशेब उलटा करा. दहा सेकंदांचा व्हिडिओ हवा आणि तो सेकंदाला २५ चित्रांनी चालणार, तर २५० फोटो लागतील. ढगांसाठी ५ सेकंदांचं अंतर धरलं तर २५० गुणिले ५, म्हणजे १,२५० सेकंद, साधारण २१ मिनिटं. हाच हिशेब कार्डावरची जागा आणि बॅटरी यांचाही अंदाज देतो.

ताऱ्यांच्या रेषांसाठी मात्र एक खोच आहे आणि ती मला एक अख्खी रात्र घालवून कळली. मोकळा माळ, स्वच्छ आभाळ, कॅमेऱ्यावर ३० सेकंदांचं एक्स्पोजर, टायमरवर ३१ सेकंदांचं अंतर. एक सेकंद मोकळा ठेवला, पुरे झाला असं वाटलं. घरी येऊन फोटो एकमेकांवर रचले तर ताऱ्यांच्या रेषा तुटक-तुटक, शिवण घातल्यासारख्या. फोटो मोजले तर अपेक्षेच्या निम्मे. झालं असं की कॅमेऱ्यावर ३० लिहिलेलं असलं तरी पुष्कळ कॅमेऱ्यांचं शटर प्रत्यक्षात ३२ सेकंद उघडं राहतं. शटरचे वेग दुपटीने वाढतात, १, २, ४, ८, १६, ३२. १५ आणि ३० हे सोयीसाठी लिहिलेले गोल आकडे. टायमर ३१ व्या सेकंदाला इशारा द्यायचा, तेव्हा शटर अजून उघडं, इशारा वाया. पुढचा इशारा ६२ व्या सेकंदाला. दर दुसरा फोटो गेला. तेव्हापासून ३० च्या एक्स्पोजरला मी ३४ चं अंतर ठेवतो आणि पहिले पाच फोटो समोर बसून मोजतो.

दुसरी अडचण टायमरच्या भाषेची. काही टायमर ‘अंतर’ हे एका फोटोच्या सुरुवातीपासून पुढच्याच्या सुरुवातीपर्यंत मोजतात, काही पहिला संपल्यापासून दुसरा सुरू होईपर्यंत. घरी ५ सेकंदांचं एक्स्पोजर आणि ८ सेकंदांचं अंतर लावून मनगटी घड्याळाने मोजा. दर ८ सेकंदांनी शटर वाजलं तर पहिला प्रकार, १३ सेकंदांनी वाजलं तर दुसरा. आणि लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन बंद ठेवा. ते चालू असेल तर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ शटर मिटून एक काळा फोटो घेतो आणि त्या वेळात टायमरचं काहीच ऐकत नाही.

आता टायमर न घेताही ताऱ्यांच्या रेषा मिळवायची युक्ती सांगतो. कॅमेरा मॅन्युअलवर, शटर ३० सेकंद, ड्राइव्ह सलग शूटिंगवर, फोकस मॅन्युअल. साध्या तारेच्या रिलीजचं बटण दाबा आणि खिट्टी पुढे सरकवून अडकवा. एक फोटो संपला की कॅमेरा लगेच दुसरा सुरू करतो, बॅटरी किंवा कार्ड संपेपर्यंत. दोन फोटोंमधलं अंतर टायमरपेक्षाही कमी, त्यामुळे रेषा जास्त सलग. विजांसाठीही हीच पद्धत, फक्त अशा वेळी स्वतः सुरक्षित छताखाली राहा. म्हणून ‘तारे काढायचेत, टायमरच हवा’ असं कोणी म्हटलं तर आधी हे करून बघा. टायमर खरा लागतो तो ३० सेकंदांपुढच्या नेमक्या एक्स्पोजरना आणि फोटोंमध्ये मुद्दाम अंतर ठेवायचं असेल तेव्हा.

हातात घेतल्यावर काय तपासायचं

बटण अगदी हळू दाबा. आधी फोकस झाल्याची टिकटिक, मग थोडं आणखी दाबल्यावर शटर, असे दोन टप्पे बोटाला वेगळे जाणवले पाहिजेत. स्वस्त रिमोटमध्ये हे दोन्ही एकाच ठिकाणी येतात आणि फोकस व्हायच्या आधीच फोटो निघतो, किंवा अर्ध्यावरच बटण अडतं. मग खिट्टी अडकवा आणि तार हलवा. सलग शूटिंग मधेच थांबलं तर तारेचा जोड सैल आहे. पाच-सहा वेळा खिट्टी अडकवून सोडवून बघा, कारण रात्री हातमोजे घालून हेच करायचं आहे.

तारेचा दुसरा शेवटही बघा. काही रिमोटमध्ये तार रिमोटला कायमची जोडलेली असते, काहींत ती रिमोटकडूनही काढता येते. काढता येणाराच घ्या, थोडे जास्त पैसे पडले तरी. तारा नेहमी पिनेपाशीच तुटतात, तेव्हा फक्त तार बदलता येते. पुढे कॅमेरा बदललात तरी रिमोट तोच, तार तेवढी नवी.

टायमर असेल तर त्याच्या स्क्रीनला दिवा हवा आणि कळा अंधारात चाचपून ओळखता आल्या पाहिजेत. बॅटरी कोणती तेही बघा. पेन्सिल सेलपेक्षा बारीक, म्हणजे एएए, असतील तर कुठेही मिळतात. नाण्याच्या आकाराची असेल तर एक जास्तीची रिमोटबरोबरच ठेवा. थंडीत छोट्या बॅटऱ्या लवकर मान टाकतात. आणि टायमर बंद करायचं बटण आहे का ते बघा. काही टायमरना ते नसतंच, तिथे घरी आल्यावर बॅटरी काढून ठेवावी लागते.

पहिली संध्याकाळ

कॅमेरा बंद करून पिन बसवा. एन३ पिन काढताना तार ओढायची नाही, पिनेच्या बाहेरची कडी धरून मागे घ्यायची, तेव्हा खिट्टी सुटते. निकॉनच्या दहा पिनांच्या सॉकेटला फिरवायची कडी असते, ती आधी सैल करायची. जोर लावला तर रिमोट नाही, कॅमेऱ्याचं सॉकेट जातं आणि ती दुरुस्ती महागात पडते.

मग फोकस. रिमोट चालत नाही म्हणून जितके जण तक्रार करतात, त्यातल्या पुष्कळांचा रिमोट ठीक असतो. कॅमेऱ्याला अंधारात फोकस सापडत नसतो आणि फोकस सापडल्याशिवाय तो शटर सोडत नाही. एकदा फोकस लावून लेन्स मॅन्युअलवर न्या, किंवा फोकसचं काम मागच्या बटणाकडे द्या. मग रिमोट फक्त शटर सोडेल.

डीएसएलआर असेल तर व्ह्यूफाइंडर झाका. एरवी तुमचा डोळा आणि कपाळ तिथे असतं. तुम्ही बाजूला झालात की मागून ऊन आत शिरतं आणि उजेड मोजणाऱ्या मीटरला फसवतं, फोटो काळपट येतात. कॅननच्या गळ्यात अडकवायच्या पट्ट्यावर रबराची एक चौकोनी चकती ओवलेली असते, ती यासाठीच. नसेल तर काळा रुमाल टाका. मिररलेसमध्ये हा प्रश्न नाही.

मिरर लॉकअप वापरणार असाल तर लक्षात ठेवा, पहिल्या दाबाला आरसा वर जातो, फोटो दुसऱ्या दाबाला. मधे दोन सेकंद थांबा. लेन्सचं किंवा बॉडीचं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद केलेलं बरं. काही यंत्रणा स्थिर कॅमेऱ्यावरही कंप शोधत राहतात आणि तोच चित्रात उतरतो.

इन्फ्रारेड किंवा ब्लूटूथ असेल तर ड्राइव्ह मोडमध्ये किंवा मेनूत रिमोट निवडावा लागतो. काही कॅमेरे थोडा वेळ वाट बघून तो आपोआप सोडून देतात. ती वाट बघायची वेळ मेनूत वाढवा.

आतषबाजीचा पहिला प्रयोग करायचा तर बल्ब, आयएसओ १००, एफ/८ ते एफ/११, फोकस मॅन्युअल. बाण वर निघताना बटण दाबा, फुलून विझला की सोडा. साधारण २ ते ६ सेकंद. इथे कॅमेऱ्याकडे बघायची गरजच नसते. डोळे आभाळावर, अंगठा रिमोटवर.

काहीच होत नसेल तेव्हा

पिन पूर्ण आत गेली आहे का बघा, शेवटचा मिलिमीटर नेहमी राहतो. फोकस मॅन्युअल करा. सेल्फ टायमर चालू राहिलाय का बघा. पिन चुकून माइकच्या छिद्रात नाही ना, तेही. रेडिओ असेल तर दोन्ही तुकड्यांवर एकच चॅनल आहे का आणि रिसीव्हर चालू आहे का, हे पाहा. इन्फ्रारेड असेल तर रिमोट फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरून दाबा; फोनच्या स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात तो दिसत नाही, पुढचा वापरून बघा.

एवढं करूनही कॅमेरा गप्प असेल तर पिन काढा आणि कॅमेऱ्याचं स्वतःचं बटण दाबा. तेही चालत नसेल तर दोष रिमोटचा नाही. ते चालतंय आणि रिमोट चालत नाही, तर माहितीपुस्तिकेतलं ते जोडसाहित्याचं पान पुन्हा उघडा आणि क्रमांक अक्षर न् अक्षर ताडून बघा. आणि कॅमेरा बॅगेत टाकताना खिट्टी सोडवली आहे ना, हे अंगठ्याने चाचपा. खिट्टी अडकलेल्या रिमोटची पिन जोडलेली राहिली आणि कॅमेरा चालू असला, तर बॅगेतल्या अंधाराचे शेकडो फोटो आणि सकाळी रिकामी बॅटरी मिळते.